बल्लू विमान चालवायचा की नाही? आणि मोगलीचं जंगल आपल्याच सातपुड्यातलं का?

अमळनेरची_वहिनी

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत, पण पहिल्यावर घरात पैज लागली आहे म्हणून तो आधी विचारते.

माझा दादा चोपड्याला असतो. भाऊबिजेला आला होता. जेवणं झाल्यावर दादा आणि आमचे भाऊजी (माझे धाकटे दीर) जुन्या टीव्हीच्या गप्पा मारत बसले. दोघं साधारण एकाच वयाचे, दोघांचे रविवार दूरदर्शनसमोर गेलेले. बोलता बोलता मोगलीचा विषय निघाला आणि बल्लूवरून जुंपली. दादा म्हणतो, बल्लू म्हणजे मोगलीचा मास्तर, जंगलात राहायचा, मध खायचा, झोपा काढायचा. भाऊजी म्हणतात, छे, बल्लू पायलट होता. पिवळं विमान होतं त्याचं. आणि शेरखान कोट-टाय घालून मोठ्या ऑफिसात बसायचा. हे ऐकून दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. भाऊजींचा चेहरा मात्र गंभीर. "वहिनी, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय," एवढंच धरून बसले.

पैज अशी की हरणाऱ्याने आमच्या मळ्यात भरीत पार्टी द्यायची. वांगी बामणोदची, भाजायला पऱ्हाट्या, आणि कळण्याच्या भाकरीसकट सगळा खर्च त्याचा. माणसं तीस तरी होतील, म्हणजे प्रकरण साधं नाही. मला कोणाचीच बाजू घेता येईना. आमच्याकडे त्या काळी टीव्हीच नव्हता, मी शेजारी जाऊन 'रामायण' तेवढं पाहिलेलं.

दुसरा प्रश्न माझ्या मुलाचा. चौथीत आहे. मामाने त्याला मोबाइलवर जुन्या मोगलीचे भाग लावून दिले आणि तो त्यात पार बुडाला आहे. चोपड्याला आजोळी गेला की गच्चीवरून उत्तरेला सातपुडा दिसतो. तो विचारतो, "आई, मोगली त्या डोंगरात राहायचा का?" मी हो म्हणाले तर तो जाऊ म्हणेल, नाही म्हणाले तर हिरमुसेल. खरं काय आहे? ते जंगल कुठलं, तिथे खरंच लांडगे असतात का, आणि आपल्या डोंगरात त्यातले कोणकोणते प्राणी आहेत? कोणी जाणकार असेल तर सांगा.

पारोळा_एक्सप्रेस

वहिनी, पैज बरोबरीत सोडवा. दोघंही खरं बोलतायत.

तुमच्या दादांचा बल्लू 'द जंगल बुक' मालिकेतला. भाऊजींचा बल्लू 'टेलस्पिन'मधला. ही डिस्नेची वेगळी मालिका, 1990 ची, एकूण 65 भाग. आपल्याकडे तीही दूरदर्शनवर हिंदीत लागायची. डिस्नेने 1967 मध्ये 'जंगल बुक'वर कार्टून सिनेमा काढला होता. त्यातलीच पात्रं उचलून त्यांनी भलत्याच जगात नेऊन ठेवली. बल्लू मालवाहू विमानाचा पायलट. विमानाचं नाव 'सी डक', पाण्यावर उतरणारं, आणि हो, पिवळंच. त्याची मालकीण रेबेका नावाची अस्वलीण, ती सारखी हिशोब मागणार. किट नावाचं अस्वलाचं पोरगं विमानामागे दोरी धरून हवेत फळीवर घसरायचं. हवाई चाच्यांचा म्होरक्या डॉन कार्नेज हा कोल्हा-लांडग्यासारखा काहीतरी. आणि शेरखान म्हणजे केप सुझेट शहरातला सगळ्यात मोठा उद्योगपती, कोट-टायमध्ये, एकदम थंड आवाजात बोलणारा. मला तर जंगलातल्या शेरखानपेक्षा ह्याचीच जास्त भीती वाटायची. तो पंजा मारत नाही, तो तुमचं दुकान विकत घेतो!

मोगली मात्र त्या मालिकेत कुठेच नाही. माणूसच नाही एकही. त्यामुळे भाऊजींनी जर "मोगलीमधला बल्लू विमान चालवायचा" असं म्हटलं असेल तर अर्धे गुण कापा.

भरीत पार्टीला पारोळ्याहून यायला वेळ लागत नाही, एवढं लक्षात असू द्या.

भुसावळ_रेल्वे_क्वार्टर

वरच्या दादांनी विमानाचं सांगितलं, मी मोगलीचं सांगते.

खूप जणांना वाटतं की आपण पाहिलेलं 'जंगल बुक' डिस्नेचं. नाही. ती मालिका जपानची. निप्पॉन ॲनिमेशन नावाच्या स्टुडिओने काढलेली, 52 भाग, जपानमध्ये 1989 च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि वर्षभर चालली. म्हणून तर त्यात ते लांबलचक डोळे, वाऱ्यात हलणारं गवत, आणि मधेच कोणीतरी गप्प होऊन आभाळाकडे बघत राहणं. अमेरिकन कार्टूनमध्ये कोणी मरत नाही, दरीत पडलं तरी पुढच्या क्षणी चपटं होऊन उठतं. मोगलीत मरणं होतं, उपास होता, दुष्काळ होता. मुलांची मालिका म्हणून त्यांनी काही सोपं करून दिलं नव्हतं.

आपल्याकडे ती हिंदीत आली तेव्हा शीर्षकगीत नवं केलं. शब्द गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाजांची. तेव्हा भारद्वाजांना कोण ओळखत होतं? 'माचिस' पुढे 1996 ला आला. आणि शेरखानला आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. आमच्या क्वार्टरच्या ओळीत हे सगळ्यांना माहीत होतं, आणि "तो वाघ मराठी आहे" असं आम्ही अभिमानाने सांगायचो. आता विचार करा, अख्ख्या मालिकेतला दुष्ट तो आणि आम्हाला त्याचा अभिमान!

माझे वडील रेल्वेत गार्ड. रविवारी सकाळी गाडीवरून आले की त्यांना झोपायचं असायचं आणि आम्हाला मोगली बघायचा असायचा. मग आवाज अगदी बारीक ठेवायचा, आणि सात-आठ पोरं टीव्हीला नाक लावून बसायची. पण शेरखान आला की तो बारीक आवाजही भिंतीत घुमायचा. वडील आतून ओरडायचे, "त्या नान्याला गप करा रे!" ॲन्टेना फिरवायचं काम माझ्या मोठ्या भावाकडे. तो छपरावरून विचारायचा "आलं का?" आणि आम्ही खालून "मुंग्या! मुंग्या!" बिचाऱ्याने मोगली ऐकला जास्त, पाहिला कमी.

'डक टेल्स'सुद्धा तेव्हाचीच, 1987 ची डिस्नेची. अंकल स्क्रूज नाण्यांच्या ढिगात पोहायचे ती. ती मला कधीच फार आवडली नाही. एवढा पैसा आणि माणूस, म्हणजे बदक, इतकं चिकट! आमच्याकडे एक सावकार होते अगदी तसे. जाऊ द्या.

तुमच्या मुलाला एक सांगा. मोगलीसोबत ते लाल-तपकिरी, झुपकेदार शेपटीचं पिल्लू असतं ना, किची? तो लाल पांडा. तो प्राणी आपल्या सातपुड्यातच काय, मध्य भारतात कुठेच नसतो. तो हिमालयाच्या पूर्वेकडचा, सिक्कीम-अरुणाचलच्या थंडीतला. मूळ पुस्तकात तो नाहीच, जपान्यांनी घातला. मोगलीच्या हातात ते फेकून परत येणारं बूमरँगही त्यांचंच. त्यापायी आमच्या क्वार्टरच्या किती खिडक्या फुटल्या ते रेल्वेच्या दप्तरी नोंद असेल.

बाकी जंगलाचं जाणकारांनी सांगावं. इथे एक आबा आहेत ना, रावेरकडचे, वनखात्यातले? त्यांना हाक मारा कोणीतरी.

धुळ्यानं_पाणी

शेरखान आमना धुयाना ऱ्हाता ते पहिले इचारता, "काय रे भो, जेवना का?" मंग खाता.

वनपाल_आबा_रावेर

हाक ऐकली. उशीर झाला, नातवाने फोन पळवला होता.

मी वनखात्यातून वनपाल म्हणून निवृत्त झालो. बरीचशी नोकरी यावल आणि रावेर तालुक्यांच्या उत्तरेच्या डोंगरात गेली. रावेरच्या डोंगरातल्या पाल गावी असताना माझ्या क्वार्टरमध्ये छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता आणि वीज बेभरवशाची, म्हणून तो ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालवायचो. रविवारी सकाळी दारात तडवी आणि पावरा आदिवासी पोरांची गर्दी. हिंदी त्यांना अर्धी कळायची. पण प्राणी पूर्ण कळायचे. एवढंच काय, चुका काढायची ती पोरं.

सुनबाई, तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर हो असंच द्या. डोंगर तोच आहे. मोगलीचं गाव म्हणजे सिवनी, आताच्या मध्य प्रदेशात. सातपुडा गुजरातच्या राजपिपळ्यापासून निघतो, आपल्या नंदुरबार, धुळे, जळगावच्या डोक्यावरून जातो, पुढे बैतूल, छिंदवाडा, मग सिवनी. म्हणजे चोपड्याच्या गच्चीवरून जी निळी रांग दिसते, तिच्याच कडेकडेने चालत राहिलं तर चारशेहून जास्त किलोमीटरवर मोगलीचं जंगल लागतं. आपली तापी निघते ती बैतूलच्या मुलताईला, त्याच डोंगरातून. मोगलीच्या गोष्टीतली नदी वैनगंगा, तीही सिवनीतच निघते. फरक इतकाच की आपलं पाणी सुरतेला जातं आणि मोगलीचं पाणी दक्षिणेला भंडारा-गडचिरोलीकडून गोदावरीला. पोराला नकाशा उघडून दाखवा, त्याला आवडेल.

आता गंमत बघा. ज्याने ही गोष्ट लिहिली तो किपलिंग जन्मला मुंबईत, 1865 ला. पण 'जंगल बुक' त्याने लिहिलं अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात बसून, आणि 1894 ला ते छापून आलं. सिवनीचं जंगल त्याने पाहिलेलं नव्हतं असंच सगळे मानतात. मग एवढं बारीक कसं लिहिलं? त्याच्या आधी स्टर्नडेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचं सिवनीच्या जंगलातल्या मुक्कामांवरचं पुस्तक होतं, 1877 चं. त्याच्या नावातच सातपुडा आहे. किपलिंगने त्यातून बरंच घेतलं. म्हणजे जपानच्या चित्रकारांनी काढलेलं जंगल हे, जंगल न पाहिलेल्या लेखकाने, दुसऱ्याच्या पुस्तकावरून लिहिलेलं. तरी पालच्या पोरांना त्यात आपला डोंगर ओळखू आला. ह्याचं मला आजही नवल वाटतं.

पण एक गोष्ट त्यांना अजिबात पटली नाही. लांडगे.

पहिल्याच की दुसऱ्या भागात लांडग्यांचा म्होरक्या अकेला मोठ्या खडकावर उभा आहे, भोवती दाट झाडी, आणि सगळा कळप जमलाय. एक पावरा पोरगा म्हणाला, "लांडगा इथं काय करतोय? मेंढरं तर खाली आहेत." मी त्याच्याकडे बघतच राहिलो. दहा वर्षांचं पोरगं, पण नेमकं बोललं. आपल्या देशातला लांडगा हा दाट रानाचा प्राणी नव्हे. तो माळाचा. खुरटं गवत, बाभळी, नाले, पडीक शेतं, त्यात ससा, काळवीट आणि मेंढपाळांची शेळ्या-मेंढरं, तिथे लांडगा. खान्देशात लांडगा बघायचा तर पालच्या घाटात नाही, पारोळा-धुळे-साक्रीच्या बाजूच्या उघड्या माळांवर बघा. दाट जंगलात वाघ आणि बिबट्या त्याला उभा राहू देत नाहीत, आणि त्यालाही लांबवर दिसेल अशी जागा लागते.

दाट सातपुड्यात कळपाने राहणारा जो प्राणी आहे तो कोळसुना. रानकुत्रा म्हणा. लालसर अंग, काळी झुपकेदार शेपूट, आणि एकमेकांना शीळ घालतात. मोगलीच्या लांडग्यांचा जो एकोपा दाखवलाय, सगळ्यांनी मिळून शिकार, पिल्लांना आधी खाऊ देणं, ते कोळसुन्यांमध्ये मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सांबराच्या मादीला त्यांनी पाण्यात उतरवलं आणि बाहेर येऊच दिलं नाही. किपलिंगने मात्र त्यांना खलनायक केलं. आणि पुस्तकात ते येतात कुठून? दख्खनकडून! म्हणजे सिवनीच्या लांडग्यांवर चाल करून गेलेली लाल फौज आपल्याच बाजूची. खान्देशी माणसाने ह्यावर हसावं की रागवावं, तुम्हीच ठरवा.

लांडग्याबद्दल आणखी एक. मालिकेत कळप मोठा, त्याची सभा, त्याचे कायदे. खरा लांडग्याचा कळप म्हणजे बहुधा एक घर. नर, मादी, ह्या वर्षीची पिल्लं, आणि गेल्या वर्षीची एक-दोन पोरं जी अजून घर सोडून गेली नाहीत. पिल्लं हिवाळ्यात होतात, नाल्याच्या काठच्या बिळात. मोठी भावंडं लहानांना सांभाळतात. मोगलीला वाढवणारी लांडगीण आणि ते अकडू-पकडू दोघं भाऊ, तेवढा घरगुती भाग मला खरा वाटला. बाकीची सभा ही साहेब लोकांची.

बघीरा. काळा बिबट्या म्हणजे वेगळी जात नाही, बिबट्याच. एकाच आईच्या पोटी एक पिल्लू ठिपक्यांचं आणि एक काळं होऊ शकतं. उन्हात नीट बघितलं तर काळ्यातही ठिपके दिसतात. सिवनीला पेंचचा व्याघ्रप्रकल्प आहे, त्यातल्या एका भागाला मोगली अभयारण्य असंच नाव दिलंय, आणि त्या पेंचमध्ये अलीकडे काळा बिबट्या दिसला. फोटो बघितला तेव्हा मी नातवाला म्हटलं, बघीरा घरी आला. मला मात्र सगळ्या नोकरीत ठिपक्यांचेच भेटले.

बल्लूबद्दल मी जरा गंभीर होतो. टीव्हीवरचा बल्लू गोड आहे, गोलमटोल आहे, त्याच्या पोटावर मोगली लोळतो. आपलं अस्वल काळं, अंगावर राठ केस, छातीवर पांढुरकी खूण. वारुळातली वाळवी, मध, बोरं आणि मोहाची फुलं हा त्याचा आहार. मास्तर तर सोडाच, डोंगरातली माणसं वाघापेक्षा अस्वलाला जास्त भितात. मोहाच्या दिवसांत बायामाणसं पहाटे फुलं वेचायला जातात, त्याच वेळी अस्वलही त्याच झाडाखाली. त्याला दिसतं कमी. तुम्ही अचानक समोर आलात की ते पळत नाही, उभं राहतं आणि तोंडावर पंजा मारतं. अशी माणसं मी दवाखान्यात नेली आहेत. म्हणून मुलाला बल्लू आवडू द्या, पण डोंगरात गेल्यावर काळं काही दिसलं तर मागे सरायचं आणि ओरडायचं नाही, हे आजच सांगून ठेवा.

'का' म्हणजे अजगर, तो आहे आपल्याकडे. भारावून वगैरे टाकत नाही, दबा धरून बसतो, गुंडाळतो, गिळतो आणि मग दिवसेंदिवस पडून राहतो. रानटी हत्ती आपल्याकडे नाहीत. वाघ आहे का, हे सगळे विचारतात. आहे. यावल अभयारण्य 1969 चं, पावणेदोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास, वाघ तिथे कधी असतो कधी नसतो, येणारा-जाणारा असतो. मुक्ताईनगरकडे वढोदा-डोलारखेड्याच्या रानात मात्र बरीच वर्षं आहे. तिथला वाघ केळीच्या बागांतही शिरतो. केळीची बाग म्हणजे उन्हाळ्यात गार, खाली ओल, वर सावली, रानडुक्कर फुकट. त्याला कशाला हवं जंगल? शेतकऱ्याला मात्र पहाटे पाणी धरायला जायचं असतं. जपान्यांनी शेरखान केळीच्या खोडांमधून निघताना दाखवला असता तर खान्देशात ती मालिका जास्त चालली असती.

आणि तबाकी. वाघाच्या मागे मागे फिरणारा कोल्हा. पोरं त्याला बघून फार हसायची, पण जुनी माणसं हसायची नाहीत. वाघ निघाला की एकटा कोल्हा वेगळ्याच आवाजात ओरडतो असं डोंगरात म्हणतात, आणि तो आवाज आला की गुरं गोळा करतात. उरलंसुरलं खायला कोल्हा वाघाच्या मागावर राहतो हे खरंच. किपलिंगला हेही कोणीतरी सांगितलेलं असणार.

फार लिहिलं. नातू फोन मागतोय.

अमळनेरची_वहिनी

आबा, तुम्ही एवढं लिहिलंत, काय बोलू! मुलाला वाचून दाखवलं. नकाशा काढून बसलाय, तापीवर निळं पेन फिरवतोय आणि विचारतोय की वाळलेल्या तापीतून चालत मुलताईला किती दिवस लागतील.

भाऊजींना टेलस्पिनचं दाखवलं. तेव्हापासून घरात तेच ते वाजतंय. दादाचं म्हणणं, पैज "मोगलीमधला बल्लू" अशी होती, त्यामुळे तो जिंकला. भाऊजी म्हणतात, पैज नुसत्या बल्लूवर होती. तिथे हजर असलेले बाकी सगळे साक्षीदार तेव्हा पत्ते खेळत होते.

आबा, एकच विचारायचं. मुलाला पालला न्यायचं तर कधी न्यावं? आणि चौथीतल्या पोराला तिथे काही दिसेल का, की नुसतीच झाडं?

साक्रीचा_मेंढपाळ_पोर

आबांना नमस्कार. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

मी ठेलारी. आमचं घर म्हणजे वर्षातले बरेच महिने माळावर, मेंढरांबरोबर. शाळा शिकलो म्हणून आता नोकरीला नाशिकला आहे. मोगली मी नंतर पाहिला, मोबाइलवर, मोठा झाल्यावर. सगळे म्हणायचे भारी आहे, भारी आहे. मला बघवेना. लहान मुलगा लांडगीणीच्या पोटाशी झोपलाय हे बघून शहरातल्या पोरांच्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्या डोळ्यांसमोर काय येतं? रात्री कुत्री एकदम भुंकायला लागतात, बाप काठी आणि बॅटरी घेऊन उठतो, आई जाळीतली कोकरं मोजते. सकाळी एखादं कमी. मालिकेत त्या लांडग्यांनी काय खाल्लं ते कधी नीट दाखवलं का? कोणाचं तरी खाल्लंच असेल ना!

आबा म्हणाले लांडगा माळाचा, ते शंभर टक्के बरोबर. आमच्या म्हाताऱ्यांना प्रत्येक नाल्यातलं बीळ माहीत असतं. पण हेही सांगतो, माझा आजा लांडग्याला कधी शिवी द्यायचा नाही. म्हणायचा, त्याचा वाटा असतो. बाप मात्र शिव्या देतो, कारण आज्याच्या वेळी माळ मोठा होता आणि आता माळावर प्लॉट पडलेत. मेंढरं पण कमी झाली, लांडगे पण कमी झाले. दोघांचं सारखंच चाललंय. काही ठिकाणी लोक मेलेल्या मेंढीला विष लावून ठेवतात, आम्ही तसलं करत नाही.

माझा प्रश्न असा की लांडग्याने मेंढी मारली तर वनखातं भरपाई देतं हे खरं का? आमच्याकडे कोणी मागायलाच जात नाही. "लांडग्याची कसली भरपाई, ती वाघाची," असं म्हणतात.

वनपाल_आबा_रावेर

आधी सुनबाई. पावसाळा संपला की दिवाळीपासून होळीपर्यंत कधीही न्या. झाडं नुसती नाहीत, सुकी नदीच्या काठाला सकाळी लवकर गेलात तर भेकर, मोर, नशिबाने सांबर. त्याला प्राणी शोधायला लावू नका, चिखलातले ठसे शोधायला लावा. ठसे रोज सापडतात. जाण्याआधी वनखात्याच्या नाक्यावर चौकशी करा, प्रवेशाचे नियम बदलत असतात. मोगलीला बघायला जातोय असं सांगितलं तर नाक्यावरचे हसतील, हसू द्या.

आता साक्रीचा पोरगा. बेटा, तू लिहिलंस ते ह्या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं. भरपाई मिळते. वाघ, बिबट्याबरोबर लांडगा त्या यादीत आहे. ज्यांनी कोणी "ती फक्त वाघाची" असं सांगितलं त्यांनी नियम वाचलेला नाही. लांडगा 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्याच पंगतीला. म्हणून त्याला मारणं, बीळ धुरानं भरणं, विष लावणं हा मोठा गुन्हा. तसं असताना नुकसान गरीब माणसाने एकट्याने का सोसावं?

काय करायचं ते वडिलांना नीट सांग. मेंढी जिथे पडली तिथून हलवायची नाही, ही सगळ्यात मोठी अडचण असते. तुम्ही लोक सकाळी कळप पुढे नेता आणि मग पंचनामा कशाचा करणार? एकाने थांबायचं, मोबाइलवर फोटो काढायचे, गळ्यावरचे दात आणि आजूबाजूचे ठसे दोन्ही आले पाहिजेत. लगेच बीटच्या वनरक्षकाला कळवायचं. उद्यावर टाकायचं नाही. गावात वनरक्षक सापडत नसेल तर पोलीस पाटलामार्फत निरोप द्यायचा. जनावरांच्या डॉक्टरचा दाखला लागतो. कुत्र्याने मारलं की लांडग्याने, ह्यावर वाद होतो, कारण हल्ली माळावर मोकाट कुत्रीही मेंढरं मारतात. म्हणून ठशाचा फोटो काढताना शेजारी काडेपेटी ठेव, म्हणजे माप कळेल.

फिरस्त्या माणसाला कागद जमवणं जड जातं हे मला माहीत आहे. बँकेचं पासबुक आणि आधार, दोन्हीच्या झेरॉक्स आईच्या पिशवीत कायम असू दे. साक्रीत माझे जुने सोबती आहेत, इथे खासगी निरोप टाक, कोणाकडे जायचं ते सांगतो.

पारोळा_एक्सप्रेस

आबा, आमच्याकडे मागच्या महिन्यात म्हसव्याच्या बाजूला कोणीतरी लांडगा बघितला म्हणे, दिवसाढवळ्या. कुत्रा असेल म्हणून सोडून दिलं. लांबून फरक कसा ओळखायचा?

वनपाल_आबा_रावेर

पाय लांब, अंग सडपातळ, शेपूट खाली लोंबती. कुत्र्याची शेपूट बहुधा वर वळते. लांडगा तुमच्याकडे बघून भुंकणार नाही, थांबेल, बघेल आणि तिरका निघून जाईल. चालताना रेषेत चालतो, मागचं पाऊल पुढच्या पावलाच्या ठशावर. फोटो असेल तर टाका. आणि जागा इथे उघड लिहू नका, मला खासगीत कळवा.